ग्रंथीला दिलेली रजा

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय टिकले,

पोटभर आशीर्वाद. आधी तुझी तब्येत सांग. पायांवरची सूज उतरली का? झोपल्यावर छातीत जळजळतं म्हणाली होतीस, ते उशी उंच घेऊन कमी झालं का? जावईबापूंचा खोकला गेला का? त्यांना सांग, औषधाची बाटली कपाटात उभी करून ठेवल्यानं खोकला घाबरत नाही, ते प्यावं लागतं. सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो? त्या स्वतः काहीच म्हणणार नाहीत, तेव्हा गुडघ्यालाच विचार. थोरलीशी बोलणं झालं तर तिच्या पोराच्या दाताचं काय झालं ते कळव, आणि मधलीला म्हणावं, पाठ शेकतेस की नुसती कुरकुरतेस? पोटातल्या पाहुण्याची मी वेगळी चौकशी करत नाही. तो किंवा ती तुम्हा सगळ्यांपेक्षा सुखात असणार, हे मला आता शास्त्राच्या आधारानं सांगता येतं. कसं ते पुढे लिहितेच.

मी बरी आहे. खाऊन-पिऊन आहे.

तुझं लग्न झालं आणि मी या संशोधन केंद्रात मेंढ्या सांभाळायला आले, तेव्हा तुम्ही तिघी बहिणी किती हसलात. आम्हाला वाढवून हौस फिटली नाही का, असं मधली म्हणाली होती. खरं सांगू का, मेंढ्या तुमच्यापेक्षा सोप्या. वेणी घालून मागत नाहीत, आणि एकीला जास्त दिलं म्हणून दुसरी अबोला धरत नाही. चेहराही सगळ्यांचा एकच, त्यामुळे कुणी कुणावर गेलंय याचा वाद नाही.

सध्या शेडमधल्या सगळ्याच गाभण आहेत. आमच्या डॉक्टरीणबाईंचा अभ्यास चाललाय, की आईच्या अंगातलं काय काय पोटातल्या कोकराला पोचतं आणि कुणाच्या हुकमानं पोचतं. मी मेंढी धरते, बाई रक्त काढतात, आणि चारा आणणारा दाराबाहेर उभा राहून शेरे मारतो. त्याला रक्त बघवत नाही आणि तोंड आवरत नाही.

माझं आजवर असं मत होतं की आई देते. घागरीतून तांब्यात पाणी ओतावं तसं. परवा बाईंनी मला चित्र काढून समजावलं. कोकराच्या रक्तात कॅल्शियम आईपेक्षा जास्त असतं. जास्त. मी दोनदा विचारून घेतलं. आता खालचं पाणी वर चढवायचं तर पंप लागतो, तसा इथेही लागतो. ते काम वार करते, कोकराला आईशी जोडून ठेवणारी. मेंढीत ही वार सलग नसते, अंगरख्याला बटणं लावावीत तशी जागोजागी असते. आणि पंप चालवायचा हुकूम आई देत नाही बरं का. कोकराच्याच गळ्याशी मोहरीएवढ्या ग्रंथी असतात, हुकूम तिथून सुटतो. म्हणजे डोळे उघडायचेत, पायावर उभं राहायचंय, पण फर्मान काढणं सुरू. चारावाला बाहेरून म्हणाला, “यात शोध कसला? माझा धाकटा असाच आहे.”

आईच्या गळ्याशीही तशाच ग्रंथी. पोटातलं ओढतं, आईच्या रक्तात कमी पडतं, की त्या ग्रंथी आईच्या हाडांना सांगतात, काढा. हाडं काढून देतात. आईला यातलं काही कळतही नाही, ती आपली रवंथ करत बसलेली असते. जीवनसत्त्वांची तऱ्हा आणखी वेगळी. ‘ड’ थोडंफार वारेतून जातं, ‘ई’ मात्र जवळजवळ अडूनच राहतं. ते कोकराला मिळायचं ते जन्मल्यावर, पहिल्या चिकातून. काही गोष्टी पोटात असताना देताच येत नाहीत, असं बाई म्हणाल्या. तेव्हापासून मी प्रत्येक गाभण मेंढीकडे जरा आदरानं बघते आणि ती माझ्याकडे खुराकाच्या आशेनं बघते.

यांच्यात एक आहे, तिला मी मास्तरीण म्हणते. सगळ्यांच्या पुढे उभी राहते आणि कुणी उशिरा आलं की टक लावून बघते. तिच्या पोटात जुळं आहे. म्हणजे ओढणारे दोन. बाईंनी क्षारांची पूड कुणाला केव्हापासून द्यायची ते ठरवून दिलंय, पण मास्तरणीला मी सुरुवातीपासूनच मूठभर वर घालते. तिघांचं एकटीनं ओढायचं म्हणजे काय खेळ आहे? अंगावर चांगली तुकतुकी आली आहे. चारावाला म्हणतो, ही आता शाळा सोडून मुख्याध्यापक व्हायच्या बेतात आहे.

राहिलं तुझं विचारणं. कधी येतेस आणि किती राहतेस. थोरलीच्या दोन्ही खेपांना मी गेले, मधलीकडे तर पोर चालायला लागेपर्यंत राहिले, हे तू लिहायला नको होतंस. ते माझ्या लक्षात आहे. पण मेंढ्या विण्याचा हंगाम तोंडावर आहे. बाईंना माझ्याशिवाय माणूस नाही, आणि नवं माणूस मेंढीला कुठे धरायचं हे शिकेपर्यंत मेंढी त्याला शिकवून मोकळी होते. एवढं आटपू दे. मग बघू.

पाणी भरपूर पी. उभ्यानं भांडी घासू नकोस.

तुझी
आत्या


दि. २६ फेब्रुवारी

प्रिय टिकले,

तुझं पत्र पोचलं, आतलं तिकीटही पोचलं. खोलीला रंग दिलात, खिडकीशी माझी खाट लावलीत, सगळं वाचलं. सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. जावईबापूंचा खोकला गेला आणि तुला सर्दी देऊन गेला, हेही समजलं. सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस.

‘मेंढ्या मार्चअखेर मोकळ्या होतात आणि माझी तारीख एप्रिलच्या मध्यावर आहे, मलाही मोजता येतं, आत्या,’ असं तू लिहिलंस. लहानपणी बोटं मोजत बसायचीस आणि सात विसरायचीस. आता बरोबर मोजलंस. मेंढ्यांचं कारण गेलं.

मास्तरीण पडली, ते आधी सांगते. सकाळी शेड उघडली तर बाकीच्या सगळ्या दाराशी, आणि ही मागे, छातीवर बसलेली. मागचे पाय मागे पसरलेले, मान पुढे टाकलेली, अंगाला बारीक थरथर. कान धरला तर गार. मी पुढे हिरवा चारा धरला, तिनं बघितलंही नाही. जी माझ्या हातातली रिकामी बादलीसुद्धा सोडत नाही, तिनं तोंड फिरवायचेही कष्ट घेतले नाहीत. मी बाईंना बोलावलं. त्यांनी एकदा बघितलं, एकदा मला विचारलं, “काकू, हिला पूड केव्हापासून देताय?” मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटतच नव्हतं, उलट कौतुक होईल अशी थोडी आशा होती.

बाईंनी शिरेतून कॅल्शियम सोडलं, सावकाश, एक हात तिच्या छातीवर ठेवून. आम्ही बसून राहिलो. थोड्या वेळानं मास्तरणीनं एक मोठी ढेकर दिली, लेंड्या टाकल्या, आणि धडपडत उठून उभी राहिली. उभी राहिली ती आमच्याकडे अशी बघायला लागली, की जणू आम्हीच वर्गात झोपलो होतो.

मग बाईंनी समजावलं. रागावून नाही, हात धुता धुता. “महिनोन्‌महिने तुम्ही वरून इतकं घातलंत, की तिच्या रक्ताला कधी कमीच पडलं नाही. कमी पडलं नाही म्हणून ग्रंथीला काम नाही. तुम्ही तिच्या ग्रंथीला रजा दिलीत, काकू. आता दोन कोकरांची हाडं भरायची वेळ आली, ओढ एकदम वाढली, आणि ग्रंथी अजून आळोखेपिळोखे देतेय.” हाडांत भरपूर होतं, पण काढायचं कुणी? चारावाला सुई डब्यात गेल्यावर आला होता. तो म्हणाला, “लाडानं पाडलंत तिला.” दिवसभर ते वाक्य माझ्या मागे-मागे फिरत होतं.

मास्तरीण आता बरी आहे. अजून व्यायची आहे. बाईंनी तिला अभ्यासातून वगळलं, त्याचं मला वाईट वाटलं. तिला वाटलेलं दिसत नाही.

टिकले, इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हेच लिहायचं मी ठरवलं होतं, की बघ, मी आले तर तुझंही असंच होईल. मी सगळं वरून घालत राहीन आणि वेळ आली की तुझ्या हातांना काही सुचणार नाही. तेव्हा मी न आलेलंच तुझ्या भल्याचं. छान वाटलं असतं वाचायला. तुला पटलंही असतं. तू ते पत्र बहिणींना वाचून दाखवलं असतंस, आत्या बघ कशी विचार करते म्हणून. पण बाळाची आई म्हणजे मेंढी नव्हे आणि मी म्हणजे पूड नव्हे. बाळंतिणीला माणूस लागतं. शहाणपणाचा आव आणून मी तुला ते नाकारू कसं?

दुसरं एक कारण आयतं चालून आलं होतं. तुझ्या सासूबाईंचा फोन आला. तुला माहीत नसणार, सांगू नका असंही म्हणाल्या, पण मी सांगतेय. म्हणाल्या, तुम्ही येणार तर मी धाकट्याकडे जाऊन राहते, एका घरात दोन म्हाताऱ्या कशाला? मी म्हटलं, अहो, असं कसं? मग गुडघ्याचं बोललो, हवेचं बोललो, जावईबापूंच्या लहानपणच्या खोकल्याचं बोललो. आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “मला बाळाला न्हाऊ घालता येतं हो. विसरलेले नाही.”

तू त्यांना वेंधळ्या म्हणतेस. असतीलही. दूध उतू घालवतात, चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात. पण ज्या खिडकीशी तू माझी खाट लावलीस, त्या खिडकीशी आधी कुणाची होती, हे मी तुला विचारणार होते आणि मग वाटलं, नको, तुला ठाऊक आहे.

हेही कारण खरं आहे. पण माझं कारण हे नाही.

तिसरं सांगते, म्हणजे सगळी संपतील. मागच्या महिन्यात मी हाडांच्या डॉक्टरकडे गेले होते. मनगट दुखत होतं, मेंढीनं हिसका दिला म्हणून. त्यानं फोटो काढला, आणखी कसली तपासणी केली. पोरगेलासा, पण बोलायला मऊ. हाडं आतून विरळ झालीत म्हणाला, गव्हाची चाळणी असते तशी. विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, तीन. बाळंतपणं किती? मी म्हटलं, एकही नाही. त्यानं लिहिता लिहिता हात थांबवला. मी सांगितलं, भावाची मुलं, त्याची बायको गेल्यावर मी वाढवली. तो म्हणाला, मग हाडांशी त्याचा संबंध नाही, हे वयानं आहे. मी म्हटलं, बरं. मला घरी येईपर्यंत हसू येत होतं. हाडं काही डॉक्टरचं ऐकून विरळ होत नाहीत.

जड उचलू नका म्हणालाय. गोळ्या दिल्यात, त्या घेते. घाबरू नकोस आणि बहिणींना लगेच कळवू नकोस.

हे मी तुला आधीच लिहिलं असतं, तर तूच म्हणाली असतीस, येऊ नकोस. नाही, तसंही नाही. तू म्हणाली असतीस, ये, पण काही करू नकोस, नुसती बसून राहा. आणि मी आले असते, आणि बाळ रडलं असतं, आणि मी उचललं असतं. आपण दोघी एकमेकींना ओळखतो.

आता खरं कारण.

चारावाल्याची लेक बाळाला घेऊन माहेरी आली आहे. माझ्या भिंतीपलीकडची खोली त्यांची. परवा दुपारी जेवून मी जरा आडवी झाले होते, डोळा लागत होता, आणि बाळ रडलं. माझ्या डोक्यात काही यायच्या आत माझे पाय खाली आले. जमिनीवर टेकले, चपला शोधायला लागले. मी काठावर बसून त्या पायांकडे बघत राहिले. कुणाचे आहेत, असं वाटलं. त्यांना म्हटलं, बसा. तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. पलीकडे त्याच्या आईनं त्याला घेतलं, बाळ गप्प झालं. माझी छाती मात्र धडधडत होती. ती माया नव्हती, टिकले. मला भीती वाटली होती. बाळाच्या रडण्याची. जन्मात पहिल्यांदा.

दमले गं. याला दुसरं नाव मला सापडलं नाही, आणि मी शोधलं भरपूर. आजार असता तर गोळी असती, राग असता तर भांडले असते. तुम्ही तिघींनी ओढलंत आणि मी दिलं, अशी तक्रार माझी नाही. कोकराला कुणी दोष देतं का? आणि मेंढीला तरी कुणी शाबासकी देतं का? ते तसंच असतं, चाललेलं असतं, आणि रवंथ करता करता आयुष्य बरं जातं. तुझ्या बोळक्या तोंडातला पहिला दात माझ्या बोटाला लागला होता, त्याच्या बदल्यात कुणी मला राज्य दिलं तरी घेणार नाही. पण मेंढी व्याली, कोकरं दूध सोडून चरायला लागली, की तिला पुढच्या हंगामापर्यंत उसंत मिळते. तेवढ्यात तिची हाडं परत भरून येतात, बाईंनी सांगितलंय. माझे हंगाम एकाला एक लागून आले. तुम्ही तिघी, मग थोरलीची दोन, मग मधलीचं. तुझी पाळी आली तेव्हा मी संपले, यात तुझा काही अपराध नाही. तू शेंडेफळ, एवढंच. लहानपणी फ्रॉकही तुला तिसऱ्या हाताचाच मिळायचा. मला ते कळतं, आणि कळूनही मी हे लिहितेय.

इथे मला एक खोली आहे. संध्याकाळी मेंढ्यांना कोंडून आले की दार लावते. हात-पाय धुते, चहा करते, आणि चहा गरम असतानाच पिते. तुला हसू येईल, पण मला ही सवय लागायला वर्ष गेलं. पहिलं वर्षभर मी तो निवू द्यायची, मधेच कुणी हाक मारेल म्हणून. आता कुणी हाक मारत नाही. पुस्तक उघडते, चार ओळी वाचते, तशीच झोपते. त्यात काही मोठं नाही. पण मला ते हवं आहे. हवं आहे, असं मी स्वतःसाठी आधी कधी म्हटलं होतं ते आठवत नाही.

तेव्हा मी येणार नाही. तिकीट सोबत परत पाठवते आहे. दुसऱ्या कुठल्या कारणाच्या फडक्यात ते गुंडाळून पाठवायला हवं होतं, म्हणजे तुला कमी लागलं असतं. पण तू फडकं सोडून आत बघणारी पोर आहेस.

‘तू आली नाहीस तर मी कुणाला हाक मारू,’ असं तू शेवटी लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि दर वेळी बॅग भरायला उठले. सासूबाईंना हाक मार. पहिल्यांदा घशात अडकेल. त्या दूध उतू घालवतील, लंगोट उलटा बांधतील, तुला राग येईल, तू बोलशील, त्या गप्प बसतील. दुसऱ्यांदा कमी अडकेल. त्यांचा गुडघा दुखतो तेव्हा बाळ त्यांच्या मांडीवर तू नेऊन दे, त्यांना उठायला लावू नकोस. आणि खाट त्यांची त्यांना परत लाव, त्या धाकट्याकडे जायच्या आधी.

बाळ जरा मान धरायला लागलं की मी येईन. पाहुणी म्हणून. पाहुणीसारखी खुर्चीवर बसेन, चहा घेईन, किती गोड आहे हो म्हणेन आणि दुसऱ्या दिवशी निघेन. तोवर तुझा राग उतरला असेल तर बरं, नसेल तर तो घेऊन बस माझ्यासमोर, मी बघेन.

थोरली आणि मधली मला बोलतील. बोलू देत. तू त्यांना गप्प करायला जाऊ नकोस, तुझ्या मनात असेल तर तूही बोल.

लवकर पत्र लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील, रागानं लिहिल्यास तरी चालतील, नुसती सूज आणि सर्दी कळवलीस तरी चालेल. फक्त एवढ्यात फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी हो म्हणेन.

तुझी,
या खेपेला न येणारी,
आत्या